सरांच्या मापाची गाडी

लोखंडाचा इतका मनापासून तिटकारा असलेला दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. आणि या माणसाने नाशिकच्या एका पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये, डाव्या अंगाला फिटिंग, उजव्या अंगाला लोहारकामाची भट्टी आणि समोर वेल्डिंगच्या ठिणग्या अशा वेढ्यात बसून उभी नोकरी काढली. ते आमचे सुतारकामाचे सर. माणसाने लाकूड सोडून लोखंडाला हात लावला तिथपासून त्याचं बिनसलं, असं त्यांचं ठाम मत होतं. कँटीनच्या स्टीलच्या पेल्यातला चहा त्यांना चालायचा नाही, त्याला म्हणे गंजाची चव लागायची. स्टील गंजत नाही असं कुणी सांगितलं, तर 'गंजत नाही म्हणून तर सगळं आतल्या आत ठेवतं' असं उत्तर मिळायचं. त्यांनी स्वतः कातून काढलेला बाभळीचा एक पेला होता. त्यातल्या चहाला बाभळीची चव यायची, ती मात्र चालायची. त्यांच्या राहत्या खोलीच्या दाराला कडीकुलूप नव्हतं, लाकडी खिट्टी होती. चोर आला तर काय, असं मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, "येऊ दे की. एरवी कोण येतंय?"

एवढं असून ते रोज नाशिकरोडहून सायकलवर यायचे आणि सायकल लोखंडाची होती. हा मुद्दा काढायचं धाडस आमच्यातल्या सटाण्याच्या पोराने केलं. सरांनी त्याला रंध्याच्या ढलप्या झाडायला लावल्या आणि मग शांतपणे समजावलं की सायकल म्हणजे मुख्यतः हवा असते, दोन चाकांतली हवा आणि मधली मोकळी जागा, लोखंड आपलं नावापुरतं. सटाण्याचं पोर म्हणतोय ते अशासाठी, की सर आम्हाला नावाने हाक मारतच नसत. मी घोटीचा म्हणून 'ए घोटी'. कायम माझ्या जोडीला काम करणारे दोघे 'नांदगाव' आणि 'सटाणा'. हजेरीपटावर नावं होती, पण ती त्यांच्या डोक्यात राहत नसत, किंवा ते राहू देत नसत. एकदा मी रागावून म्हटलं की सर, आम्हाला आईबापांनी नावं ठेवलीत. त्यावर ते म्हणाले, "नावं पोरांबरोबर निघून जातात रे. गाव आपलं जागेवर असतं." मला तेव्हा हे फारच विनोदी वाटलं आणि होस्टेलवर मी ते नक्कल करून सांगितलं.

त्यांच्या आयुष्यात फायबर आलं ते आम्ही तिथे जाण्याच्या जरासं आधी. खात्याने त्यांना पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणाला मुंबईला पाठवलं होतं. तिथे कुठल्याशा कारखान्यात त्यांनी काचेच्या धाग्यांचं कापड आणि रेझिन यांची होडी तयार होताना पाहिली, आणि परत आले ते त्या कापडाची एक गुंडाळी काखेत मारूनच. मधासारखं दिसणारं ते रेझिन, त्यात हार्डनरचे मोजून थेंब, मग ब्रशने कापडावर थापत जायचं, थरावर थर, आणि तासाभरात दगडासारखं टणक. ना भट्टी, ना हातोडा, ना ठिणग्या. एखाद्याला उतारवयात गुरू भेटावा तसं सरांचं झालं. त्यांनी सायकलीचे मडगार्ड फायबरचे केले, बादली फायबरची केली, एवढंच काय, चपलाही केल्या. त्या चपला इतक्या वाजायच्या, की सर यायच्या आधी मिनिटभर आम्ही कामाला लागलेले असायचो. त्या काचेच्या धाग्यांनी अंगाला भयंकर खाज सुटायची. सर स्वतः खाजवत नसत. खाजवलं की ती ऐकत नाही, म्हणायचे. आम्ही तिघं मात्र वर्गात, मेसमध्ये, बसस्टॉपवर, पाहावं तेव्हा माकडांसारखे अंग खाजवत असायचो.

नाशिकच्या थंडीत रेझिन धरत नाही हा शोध त्यांना पहिल्याच डिसेंबरात लागला. दोन दिवस झाले तरी काम चिकट ते चिकटच. दुसऱ्या कुणीही हार्डनर वाढवला असता. सरांनी घरून गोधडी आणली, साच्याला नीट पांघरली, टोकं खाली खोचली आणि शेजारी शंभराचा बल्ब लावून स्टुलावर बसून राहिले. वेल्डिंगचे सर हा सगळा प्रकार दारातून बघत होते. त्यांनी बाळाला ताप किती आहे म्हणून विचारलं. सरांनी तोंडावर बोट ठेवून त्यांना हळू बोलायला सांगितलं. त्या दोघांचं हे असं कायम चाललेलं असायचं, आणि आज वाटतं की अख्ख्या कॉलेजात सरांशी रोज दोन शब्द बोलणारे वेल्डिंगचे सर एकटेच होते.

आम्ही शेवटच्या वर्षाला गेलो त्या साली पुण्याला एका जुन्या धावपट्टीवर विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या गाड्यांची शर्यत होणार असल्याचं पत्रक आलं. अट अशी की गाडी विद्यार्थ्यांनी बनवलेली हवी आणि चालवायलाही विद्यार्थीच हवा. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की सांगाडा पाइपचा होणार आणि वेल्डिंगमध्ये होणार. सर प्राचार्यांच्या खोलीत गेले आणि अर्ध्या तासाने बाहेर आले ते सांगाडा आपल्याकडे घेऊनच. आत काय बोलले कोण जाणे. बाहेर आल्यावर त्यांनी वर्कशॉपच्या फळ्यावर खडूने गाडी काढली. सगळी एकसंध पेटी, नावेसारखी. तळ, बाजू आणि चालवणाऱ्याची बैठक हे सगळं एकच अंग. बैठकीची पाठ हाच गाडीचा कणा. वेगळी खुर्ची बसवायची नाही, की कुठे सांधा द्यायचा नाही. इंजिन आणि चाकं लोखंडाची असणार याचं त्यांना दुःख होतं, पण पाहुणे म्हणून त्यांना येऊ द्यायला ते तयार झाले.

नुसत्या फायबरची पेटी लवचीक होते, म्हणून दोन थरांच्या मध्ये काहीतरी हलकं घालायला हवं होतं. त्यासाठी त्यांनी पांगाऱ्याचं लाकूड शोधून काढलं. आम्हाला घेऊन ते पेठच्या बाजूला गेले, तेही एसटीने, आणि वाटभर लोखंडी दांड्याला न धरता उभे राहिले. तिथल्या एका म्हाताऱ्याने बांधावरचा वाळलेला पांगारा तोडून दिला, पण त्याच्या चेहऱ्यावरची काळजी जाईना. "ह्याचं काय करशील सायेब? चुलीत बी नीट जळत नाय हे," तो म्हणाला. सरांनी आनंदाने सांगितलं की जाळायचं नाहीच, यातून गाडी करायची आहे. त्यावर म्हाताऱ्याने आमच्या तिघांकडे असं पाहिलं की सांभाळून घेऊन जा रे याला घरी.

त्या लाकडाची पातळ फळी करून तिच्या दोन्ही अंगांना काचेचं कापड चढवून सरांनी एक नमुना केला, दोन स्टुलांवर आडवा ठेवला आणि माणसं चढवायला सुरुवात केली. आधी आम्ही तिघं, मग फिटिंगची दोन पोरं आणि शेवटी वेल्डिंगच्या सरांनाच त्यांनी आग्रह करून वर घेतलं. त्यांचं वजन साऱ्या नाशिकला माहीत होतं. फळी करकरली, पण वाकली नाही. वरून खाली बघत वेल्डिंगचे सर म्हणाले, मानलं. सर त्या दिवशी इतके खुलले, की त्यांनी आम्हाला बसवून समजावून सांगितलं. "एकटी काच फुटते. एकटं रेझिन तडकतं. एकटा पांगारा तर बोटाने दाबला तरी चेपतो. तिघं धरून राहिले, की बघितलंत ना. हे एकट्यादुकट्याचं कामच नाही." सटाणा माझ्या कानात त्याच्या अहिराणीत म्हणाला, "सर मस्त रंगमा शे आज."

सर अविवाहित होते, की लग्न होऊन काही झालं होतं, हे आम्हाला कळलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही. शिकत होतो तेव्हा त्यांच्या खोलीवर मी दोनदाच गेलो. एक कॉट, एक कंदील आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या जुन्या बॅचेसच्या पोरांनी केलेल्या सुतारकामाच्या जोडण्या, सगळ्या धूळ पुसलेल्या. सुट्टीचा त्यांना मनस्वी राग. दिवाळीच्या सुट्टीला तर ते 'वनवास' म्हणायचे. आम्ही फराळ घेऊन परत यायचो तेव्हा वर्कशॉप लख्ख झाडलेलं असायचं आणि प्रत्येकाचं हत्यार धार लावून जागेवर ठेवलेलं असायचं. रविवारी ते कॉलेजात यायचेच, आणि आलेल्या पोरांची वहीत हजेरी घ्यायचे. ती वही कुठेही दाखवायची नसायची. तीन वर्षं झाली की बॅच जायची, पत्रं टाकू म्हणून जायची, आणि पत्रं टाकत नसे. या गाडीचं त्यांनी एवढं का घेतलंय ते त्यांनी एकदा सरळच सांगितलं होतं. आजवर पोरांनी त्यांच्याकडून खुर्च्या आणि पाट शिकून घेतले होते. आपण केलेल्या वस्तूत बसून आपलं एखादं पोर वेगाने जाताना त्यांना पाहायचं होतं, आमची बॅच बाहेर पडायच्या आत, एकदा. एवढीच त्यांची मागणी होती.

चालवायला मला निवडलं होतं. घोटीच्या भातगिरणीवर मी ट्रॅक्टर चालवलेला होता, आणि उंची सहा फूट असली तरी वजन म्हणाल तर फक्त कपड्यांचं. बैठक म्हणजेच कणा असल्यामुळे ती माझ्याच अंगाच्या मापाची हवी होती. त्यासाठी लाकडी खोक्यात प्लास्टर ओतायचं, वर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर मी जाऊन बसायचं, प्लास्टर घट्ट झालं की दोघांनी मला ओढून काढायचं आणि त्या खळग्यावरून बैठकीचा साचा करायचा. जानेवारीतला एक रविवार ठरला. सकाळी दहाला या, असं सरांनी तिघांना तीनतीनदा सांगितलं. कालवल्यावर प्लास्टर पंधरा मिनिटांत धरतं, कुणासाठी थांबत नाही, हेही सांगितलं.

त्या सकाळी आम्ही आधी मिसळ खायला गेलो. तिथे नांदगावने सांगितलं की मॅटिनीला एक चांगला सिनेमा लागलाय आणि आज शेवटचा दिवस. मी म्हटलं, सर वाट बघतील. "सर काय, रोजचेच आहेत," तो म्हणाला, "पुढच्या रविवारी करू." आणि आम्ही गेलो. कुणी आजारी नव्हतं, कुणाची अडचण नव्हती. सिनेमा बरा होता. सोमवारी मी ताप होता म्हणून सांगितलं, आणि बाकीच्या दोघांनी आपण माझ्या उशाशी बसून होतो असं सांगितलं. सरांनी माझ्या कपाळावर आपला रेझिनने खरखरीत झालेला हात ठेवला, मग खिशातून सुंठीची पूड काढून दिली. गरम पाण्यातून घे, म्हणाले. साच्याचं काय, असं विचारल्यावर झालं सगळं म्हणाले आणि रंधा मारू लागले.

रविवारी काय झालं ते आम्हाला वॉचमनकडून कळलं, आणि दुपारपर्यंत साऱ्या कॉलेजला कळलं. सर स्वतःच प्लास्टरमध्ये जाऊन बसले होते. बसणं सोपं होतं, ओढून काढायला मात्र कुणी नव्हतं. एकच्या सुमाराला वॉचमन फेरीला आला तेव्हा आतून ठकठक ऐकू आली. सर खोक्यात रुतून बसले होते आणि लाकडी हातोड्याने बाजूच्या टेबलावर वाजवत होते. "म्या म्हनलं, सर, बसलात व्हय? तर म्हनले, व्हय, बसलोय. उठता येत नाय हे सांगायला त्यांनी पाच मिन्टं लावली," वॉचमन सांगायचा. आम्ही हे दहादा सांगायला लावून दहादा हसलो. मीही हसलो. खळग्यात सर बसले होते आणि गाडीत मी बसणार होतो, हा हिशेब मात्र कुणीच केला नाही.

फेब्रुवारीच्या अखेरीला पेटी साच्यातून सुटली. दोन जणांनी बोटांवर उचलावी इतकी हलकी आणि वर उभं राहून नाचावं इतकी मजबूत. वेल्डिंगच्या सरांनी नारळ आणला. मी ऐटीत आत पाय टाकला आणि बसलोच नाही, म्हणजे बसता येईना. सर उंचीने बेताचे, अंगाने रुंद, आणि जन्मभर रंधा ओढून त्यांचा उजवा खांदा खाली आलेला. बैठक तंतोतंत तशीच उतरली होती. मी एका अंगाला कलंडत होतो आणि माझे गुडघे पुढच्या कमानीला अडून छातीपाशी येत होते. आधी सगळे हसले. मग हळूहळू सगळ्यांना कळलं की बैठक कापता येणार नाही, कारण तीच कणा आहे. कापली तर गाडीतला जीव जाईल. दुसरी पेटी करायला ना रेझिन उरलं होतं, ना दिवस. अख्ख्या कॉलेजात त्या मापाचा एकही पोरगा नव्हता. सर गाडीभोवती एक फेरी मारून आले. "माप चुकलं," ते म्हणाले. "माझंच चुकलं." प्राचार्यांनाही त्यांनी हेच लिहून दिलं, आणि शर्यतीतून आमचं नाव मागे घेतलं गेलं. मी तिथे उभा होतो. माझ्या तापाबद्दल त्यांनी कुणाला एक शब्द सांगितला नाही, आणि मीही सांगितला नाही.

तरीही आम्ही इंजिन बसवलं, चाकं लावली. आता जगात त्या गाडीत बसू शकणारा माणूस एकच होता आणि त्याला सायकलखेरीज काहीही चालवता येत नव्हतं. परीक्षेच्या आधीचे पंधरा दिवस मी सरांना गाडी शिकवली. इतका आज्ञाधारक आणि इतका वाईट विद्यार्थी मला पुढे कधी भेटला नाही. क्लच सोडताना ते डोळे मिटायचे. शेवटच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी त्यांनी मैदानाला एक पूर्ण फेरी मारली, बैलगाडीच्या वेगाने, आणि रिकाम्या मैदानात प्रत्येक वळणाला सायकलवाल्यासारखा हात बाहेर काढून. वेल्डिंगच्या सरांनी टाळ्या वाजवल्या, मग आम्हीही वाजवल्या. इंजिन बंद झाल्यावर सर आतच बसून राहिले. पुन्हा रुतले की काय म्हणून आम्ही ओढायला धावलो, तर म्हणाले, थांबा जरा. मग आमची परीक्षा झाली आणि पत्रं टाकू असं सांगून आम्ही पांगलो.

सहा वर्षांनी सातपूरला नोकरी मिळून मी पुन्हा नाशिकला आलो तेव्हा सर निवृत्त झाले होते. गाडी कॉलेजच्या शेडमागे पडून होती असं ऐकलं, नंतर तीही कुणीतरी नेली. एका रविवारी मी नाशिकरोडला त्यांच्या खोलीवर गेलो. खिट्टी आतून लावलेली होती. दार उघडून त्यांनी डोळे बारीक केले, "घोटी," म्हणाले आणि बाजूला झाले. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मग माझ्याच्याने राहवेना. मी सांगून टाकलं की त्या रविवारी मला ताप नव्हता, आम्ही सिनेमाला गेलो होतो.

"कपाळ गार होतं तुझं," सर म्हणाले. "मला वाटलं, सांगेल कधीतरी."

मग त्यांनी त्या दिवसाचं मला सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे, काम कसं केलं ते सांगावं तसं. दहाला त्यांनी पहिलं प्लास्टर कालवलं. बाहेर सायकलची घंटा ऐकू आली होती, आम्हीच असणार असं वाटलं होतं. ते प्लास्टर बादलीतच धरून गेलं. अकराला दुसरं कालवलं, साडेअकराला तिसरं. वर्कशॉपच्या दाराशी बादलीच्या आकाराचे तीन पांढरे ठोकळे पडलेले असायचे, त्यांच्यावर बसून आम्ही वर्षअखेरीपर्यंत चहा प्यायलो होतो. ते तिथे कुठून आले हे आम्हा तिघांपैकी कुणाच्याही मनात आलं नव्हतं. "चौथं शेवटचं होतं," सर म्हणाले. "ओतलं, आणि कुणीतरी बसायला तर हवं होतं."

निघताना मी पुढच्या रविवारी येतो म्हणालो, नक्की येतो म्हणालो. सर दारापर्यंत आले. "ये की," ते म्हणाले. "मी काही आता कालवून ठेवत नाही. कितीही वाजता ये."

मी गेलो. त्यानंतरचेही चारसहा रविवार गेलो. मग माझं लग्न ठरलं, घराची शोधाशोध सुरू झाली, रविवार अपुरे पडू लागले, आणि पुढे माझी पुण्याला बदली झाली. त्या साऱ्या रविवारांत सरांनी मला पुन्हा कधी येशील म्हणून एकदाही विचारलं नाही. तेव्हा मला त्याचं बरंच वाटायचं.